राखणीचे पन्नास मासे

आमच्या गावचे वैद्य बापूजी यांनी उभ्या आयुष्यात कोणतेही नवे औषध स्वतः घेतल्यावाचून रुग्णाच्या हाती ठेवले नाही. पहिली मात्रा वैद्याची, दुसरी रुग्णाची, असा त्यांच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा नेम होता. या नेमाची झळ त्या घराण्याने वेळोवेळी सोसली होती. बापूजींच्या वडिलांना एका चूर्णाने सव्वा महिना उचकी लागली होती. स्वतः बापूजी, मी गावात शिक्षक म्हणून आलो त्याच वर्षी, एका नव्या आसवाची पहिली मात्रा घेऊन दोन दिवस आपल्या पत्नीला ‘आई’ अशी हाक मारीत होते. रुखमाबाईंनी ते दोन दिवस निभावून नेले; विसरल्या मात्र कधीच नाहीत.

सांगतो आहे ती हकीकत १९५३ सालच्या मार्गशीर्षातली. आमचे गाव गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात. एका अंगाला तलाव आणि धानाची बांधी, उरलेल्या तिन्ही अंगांना जंगल. सकाळी शाळा आणि दुपारी बापूजींच्या ओसरीवर संस्कृताचे अध्ययन, असा माझा दिनक्रम होता. बापूजी तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या मुखातून शब्द असा सावकाश आणि सुस्नात बाहेर येई, की ऐकणाराही नकळत सावरून बसत असे.

भाद्रपद लागला की हिवताप अर्ध्या गावाला पांघरुणाखाली घेत असे. शहरातल्या कडू गोळ्या गडचिरोलीपर्यंत येत आणि तेथेच संपत. या व्यथेवर उपाय शोधता शोधता बापूजींना आजोबांच्या हस्तलिखित पोथीत एका झाडाच्या सालीचा उल्लेख सापडला. त्या झाडाचे नाव मी येथे मुद्दामच लिहीत नाही. कारण पुढे कळेलच, आणि कळल्यावर कोणी सुज्ञ वाचक त्याची चौकशी करणार नाही.

साल आणली गेली, वाळवली गेली, खलली गेली. पहिली मात्रा घेण्याचा दिवसही ठरला. तेव्हा रुखमाबाई तुळशीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, “अहो, या खेपेस मी नाही ऐकायची. उचकी चालेल एक वेळ; पण त्या दोन दिवसांसारखं पुन्हा झालं, तर मी माहेरी जाईन.”

“तुझ्या माहेरी आता राहते कोण?” बापूजींनी शांतपणे विचारले.

“कोणी नाही राहत. एकटी जाऊन बसेन.”

बापूजी विचारात पडले. शेवटी माझ्या सूचनेवरून आम्ही नागपूरच्या एका प्रयोगशाळेस पत्र धाडले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. लिहिणारे गृहस्थ सौजन्यशील होते. औषध गुणकारी आहे की नाही हा प्रश्न दुसरा, ते निर्धोक आहे की नाही हा प्रश्न पहिला, असे त्यांनी लिहिले होते. मनुष्याने ते घेण्यापूर्वी लहान प्राण्यांचे काही गट करावेत. प्रत्येक गटास चढती मात्रा द्यावी. एका गटास काहीच देऊ नये. आणि कोणत्या मात्रेला किती जगले, किती मेले, याची प्रामाणिक नोंद ठेवावी.

“किती सुंदर विचार आहे!” पत्र कपाळाला लावून बापूजी म्हणाले. “आमच्या घराण्यात पहिला प्राणी वैद्य असे. हे गृहस्थ वैद्याच्याही आधी एक पायरी सांगतात.”

रुखमाबाईंनी ती पायरी पदरात बांधली. “तर मग ठरलं. त्यातला एक जीव जरी गेला, तरी तुम्ही थेंब घ्यायचा नाही. आणि सगळे जगले, तर मी आडवी येणार नाही. या तुळशीसमोर म्हणा.”

बापूजींनी तुळशीसमोर तसे वचन दिले.

आरंभ आम्ही शेतातल्या उंदरांपासून केला. बांबूच्या टोपल्यांत निरनिराळ्या मात्रा देऊन ठेवलेले उंदीर सकाळी टोपल्या कुरतडून निघून गेलेले आढळले. जाताना त्यांनी नोंदवहीचा एक कोपराही नेला. त्यांच्या प्रकृतीचे पुढे काय झाले, हे कळण्याचा मार्ग उरला नाही. तेव्हा पळून जाऊ न शकणारा प्राणी हवा, असा निष्कर्ष काढून बापूजींनी माशांची निवड केली.

“मासे? माझ्या अंगणात?” रुखमाबाईंनी एवढेच विचारले, आणि प्रयोगाची जागा बदलली.

तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती होती. तिथल्या डोमाचे अंगण मोठे आणि सारवलेले. डोमा त्या आठवड्यात जाळ्याचे सूत आणण्यासाठी चांद्याला गेला होता. घरी त्याची पत्नी गोकुळाबाई होती. उंच, सावळी, मोजके बोलणारी बाई. वस्तीतल्या भांडणात तिचा शब्द अखेरचा मानला जाई. तिने तलावातून बोटाएवढे पन्नास चंदेरी मासे आणले. पाच मोठी गाडगी मांडवाखाली मांडली, आणि प्रत्येकात दहा मासे सोडले. पहिल्यात साधे पाणी. उरलेल्या चारांत बापूजींनी सोनाराच्या काट्यावर तोलून अनुक्रमे एक, दोन, चार आणि आठ गुंजा चूर्ण घातले. चूर्ण पडताच गोकुळाबाईने गाडग्याशी वाकून एकदा वास घेतला, आणि बापूजींच्या तोंडाकडे पाहिले. पण ती काही बोलली नाही.

निघताना बापूजी हात जोडून म्हणाले, “गोकुळाबाई, हे पन्नास मासे तुमच्या राखणीत ठेवून जातो. सकाळी येऊन मोजून घेईन.”

या शब्दांसरशी तिची मुद्रा एकदम गंभीर झाली. तिने हात धुतले, पाचही गाडग्यांच्या काठांना एकेक वेळ स्पर्श केला आणि म्हणाली, “राखण घेतली जी. पन्नास.”

मी ते पाहिले. मला वाटले, बाई सज्जन आहे. याहून अधिक काही वाटण्याइतके ज्ञान माझ्यापाशी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी झाली. पन्नासच्या पन्नास मासे जिवंत. आठ गुंजांच्या गाडग्यातले तर विशेष चपळ. बापूजींनी डोळे मिटून आजोबांना नमस्कार केला, पाणी बदलवले, आणि संध्याकाळी मात्रा दुप्पट केल्या. दोन, चार, आठ, सोळा. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पन्नास.

मासा या प्राण्याशी आम्हा दोघांचाही परिचय मत्स्यावताराच्या कथेपुरताच होता, हे येथे नम्रपणे सांगितले पाहिजे. त्यामुळे आम्ही जे पाहिले, ते मोठ्या श्रद्धेने पाहिले.

“गुरुजी,” बापूजी शेवटच्या गाडग्यावर वाकून म्हणाले, “काल हे मासे बोटाएवढे होते ना?”

“होय.”

“आज दीड बोट भरतात.”

मी बोट लावून पाहिले. खरोखरच दीड भरत होते. बापूजींनी मला नोंदवहीत लिहावयास सांगितले: ‘सोळा गुंजा. औषध निर्धोक, शिवाय पुष्टिकर. एका रात्रीत अर्धे बोट वृद्धी.’

मात्रा पुन्हा दुप्पट झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी वस्तीतली बरीच मंडळी मांडवाभोवती जमली होती. ती सगळी गोकुळाबाईकडे अत्यंत कौतुकाने पाहत होती. आम्हाला वाटले, कौतुक औषधाचे आहे.

“मोजा जी,” ती म्हणाली. डोळे किंचित लाल दिसत होते.

पन्नास भरले. पण बत्तीस गुंजांच्या गाडग्यातील एका माशाला मिशा होत्या. लांब, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या, चांगल्या भरदार मिशा. बापूजी कितीतरी वेळ त्या माशाकडे पाहत राहिले, आणि तो मासाही त्यांच्याकडे पाहत राहिला.

“लिहा,” अखेर ते हलक्या स्वरात म्हणाले. “केश्य. केसांना हितकर.”

आमच्यामागे लटारू पाटील उभे होते. गावचे प्रतिष्ठित गृहस्थ. विशीतच मस्तक निष्केश झालेले. पाटलांनी माझा खांदा धरला. “का म्हणून राह्यले गुरुजी बापूजी? केसाचं का म्हणून राह्यले?”

“केसांना हितकर आहे म्हणतात.”

“रातभऱ्यात?”

“माशाला तरी रात्रीतच.”

पाटील तडक निघून गेले. त्यांनी त्याच दुपारी बापूजींच्या खलातले मूठभर चूर्ण मागून नेले, एवढे पुढे कळले.

पाचव्या दिवशी मात्रा आठ, सोळा, बत्तीस आणि चौसष्ट गुंजांपर्यंत पोहोचल्या होत्या. शेवटच्या गाडग्यातील पाणी चहासारखे काळपट झाले होते. मी भीत भीत मोजू लागलो, आणि मोजून थांबलो. पुन्हा मोजले.

“बापूजी, यात अकरा आहेत.”

“अकरा?”

“अकरा. एक वाढला आहे.”

गोकुळाबाई खाली पाहत होती. तिने पदर दातांत धरला होता. बापूजींनी दोन्ही हात जोडून सूर्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले होते. ‘प्रजावर्धक’ हा शब्द मी त्या दिवशी नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिला. ती वही अद्याप माझ्यापाशी आहे, आणि नातवंडांपासून मी ती जपून ठेवतो.

आता कोणताच प्रश्न उरला नव्हता. रुखमाबाईंची अट अक्षरशः पूर्ण झाली होती. बापूजींनी एक मासा काट्यावर तोलला, स्वतःला धानाच्या मोठ्या तराजूत तोलवून घेतले, आणि त्रैराशिकाने मनुष्याची मात्रा काढली. ती इतकी प्रचंड निघाली की नम्रतेखातर त्यांनी तिचा दहावा हिस्सा घेण्याचे ठरवले. दहावा हिस्सा म्हणजेही वाटीभर काढा होता. पहिली मात्रा गुरुवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी सकाळी, ओसरीवर सर्वांसमक्ष घ्यावयाची होती.

रुखमाबाई रात्री फार बोलल्या नाहीत. सकाळी उठून त्यांनी हळद-कुंकू, नारळ, एक खण आणि सूपभर तांदूळ घेतले. मला म्हणाल्या, “गुरुजी, त्या गोकुळेनं पाच दिवस डोळ्यांत तेल घालून ते जीव जपले. माझं कुंकू त्या गाडग्यांत होतं. त्यांनी मात्रा घेण्याआधी मला तिची ओटी भरून यायची आहे. मी येते तोवर सुरू नका करू म्हणावं.”

मी निरोप पोहोचवला. बापूजी म्हणाले, “नामावली तर सुरू करतो. ती संपेपर्यंत येईलच.”

नामावली म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. औषधाची पहिली मात्रा मुखात घालण्यापूर्वी बापूजी धन्वंतरीपासून आपल्या आजोबांपर्यंतच्या एकशेआठ आचार्यांची नावे घेत. प्रत्येक नावामागे नमस्कार आणि नमस्कारामागे श्वास. हा विधी त्यांनी आयुष्यात कधी संक्षिप्त केला नव्हता. घरात साप निघाला होता त्या दिवशीही नाही.

ओसरीवर गाव लोटला होता. समोर पाटावर काढ्याची चांदीची वाटी. लटारू पाटील अगदी पुढे, डोक्याला घट्ट पागोटे बांधून बसले होते. बापूजींनी वाटी उजव्या हातात घेतली, नेत्र मिटले आणि आरंभ केला. नावांमागून नावे जाऊ लागली. ऊन ओसरीच्या पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आले. ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. मी मनात मोजत होतो, आणि वाटेकडे पाहत होतो. रुखमाबाई दिसत नव्हत्या.

नेमक्या त्याच वेळी पाटलांचा धीर सुटला. “बापूजी,” ते पुढे वाकून म्हणाले, “जरा लवकर आटपा ना जी. बंदा गाव वाट पाहून राह्यला.”

बापूजींनी डोळे उघडले. त्यांच्या मुद्रेवर क्रोध नव्हता, खेद होता. “पाटील, नामावली खंडित झाली.”

“मंग?”

“मग काय? आरंभापासून.”

आणि त्यांनी पुन्हा नेत्र मिटून धन्वंतरीचे नाव घेतले. ओसरीवर एक दीर्घ उसासा उमटला. कोणीतरी पाटलांना मागून चिमटा काढला. त्या माणसांपैकी कोणालाही, आणि मलाही, हे ठाऊक नव्हते की या एका अधीर शब्दाने बापूजींना अर्धा तास आयुष्य दिले होते.

त्या अर्ध्या तासात वस्तीत जे घडले, ते मी पुढे दोघींच्याही तोंडून अनेकदा ऐकले.

रुखमाबाई डोमाच्या अंगणात पहिल्यानेच पाऊल ठेवीत होत्या. गोकुळाबाईने लगबगीने चटई टाकली. ओटी पुढे आली, तशी ती मागे सरली.

“हे काऊन जी, बाई? मी का केलं असं?”

“काय केलंस? अगं, माझ्यासाठी तू पन्नास जीव राखलेस. एक जरी मेला असता, तर आज...”

“मेला असता?” गोकुळाबाई अभिमानाने हसली. “राखणीतला मासा मी कमी पडू देईन का जी? मेले त्याच्या जागी रोज फाटफटी, अंधार असतानाच, नवे टाकले. एक दिवस नाई चुकलो.”

रुखमाबाईंच्या हातातले सूप तिरपे झाले आणि तांदूळ अंगणात सांडले. “म्हणजे मेले?”

“मरतीलच ना बाई. ते तं आमची मासे झिंगवाची साल होय. वासावरूनच समजली. आमी शेतातल्या बोडीच्या डबक्यात टाकतो, मासे वर येतात. बापूजी रोज जास्ती टाकत गेले, मीबी रोज जास्ती मासे आणत गेलो. काल तं पाय गारठून गेले तलावात. एक मासा राखणीच्या वरचा टाकला मी, घरचा म्हणून. आमच्यात तसं देतात.”

“आणि मिशांचा?”

“अंधारात हाताले लागला तो घेतला जी. मोजणी पुरली पाह्यजे.”

रुखमाबाईंनी त्यानंतर काय केले, हे पाळीवरून जाणाऱ्या इसरू गुराख्याने पाहिले. तो सांगे की वैद्यांच्या बाई, वय वर्षे बासष्ट, नऊवारीचा ओचा वर खोचून पाळीवरून अशा धावत निघाल्या की त्याच्या म्हशींनी वाट दिली.

ओसरीवर बापूजी एकशेतीन नावे घेऊन एकशेचारव्यापाशी आले होते. रुखमाबाईंनी गर्दी फोडली, पायऱ्या चढल्या, आणि पतीच्या हातातून वाटी काढून घेतली. त्यांना बोलण्यापुरता श्वास नव्हता. बापूजींनी डोळे उघडून भुवया उंचावल्या, पण नामावली थांबवली नाही. दुसऱ्यांदा खंडित करणे त्यांच्याने शक्य नव्हते.

“नावं... पुरी करा,” रुखमाबाई धापा टाकत म्हणाल्या. “पण वाटी... माझ्यापाशी राहील.”

तर अशा रीतीने उरलेली पाच नावे पार पडली. तोवर गोकुळाबाईही येऊन पायरीशी उभी राहिली होती. तिच्या हातात जाळ्याच्या सुताचे पाच तुकडे होते. रुखमाबाईंनी सारे सांगितले.

बापूजी गोकुळाबाईकडे वळले. “बाई, ही मासे झिंगवण्याची साल आहे, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळले?”

“कळलं जी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी पोथीतलं करून राह्यले होते. आमी मधात काऊन बोलाव? अन् मले वाटलं, तुमाले ठावं हाय.”

“मला ठाऊक असून मी माशांच्या गाडग्यांत विष घातले असते? कशासाठी?”

गोकुळाबाईने मान वर केली. “माही परीक्षा घ्याले जी.”

तेव्हा वस्तीतला म्हातारा वारलू पुढे आला आणि त्याने उलगडा केला. ढिवरांमध्ये कोणी आपले जिवंत मासे दुसऱ्याच्या घरी ठेवून ‘राखण’ हा शब्द उच्चारला, की ते मासे संख्येने आणि जिवंत परत देणे त्या घराला बंधनकारक होते. बगळा नेवो, मांजर नेवो, पाणी आटो. संख्या पुरली पाहिजे. राखण मोडली, तर तलाव उपसायच्या दिवशी त्या घराचे जाळे सर्वांत शेवटी पडे. “आमी आपसात म्हनलं,” वारलू म्हणाला, “बामन बाप्पाची राखण मोठी कठीण. स्वता रातच्यानं जहर टाकते अन् सकाळी मोजाले येते. गोकुळाच निभावून राह्यली. दुसरी असती तं घर सोडून पळाली असती.”

आपण औषधाची परीक्षा घेत आहोत असे आम्ही पाच दिवस समजत होतो. साऱ्या वस्तीला मात्र ठाऊक होते की परीक्षा गोकुळाबाईची चालली आहे, आणि ती रोज उत्तीर्ण होते आहे.

बापूजी पाटावरून उठले. मला वाटले, ते खिन्न होतील. ते पायऱ्या उतरून तिच्यासमोर गेले. “बाई, दोष माझा. मी तुम्हाला मासे राखायला सांगितले. पाहायला सांगितले नाही. जे मेले ते किती, याची काही आठवण...”

“आठवण कायले जी? गाठी हायेत.” तिने सुताचे तुकडे पुढे केले. “तलावातून जास्तीचे मासे काढले तं डोमाले सांगा लागते. म्हणून गाडग्यागणिक एकेक सूत, मेल्या माशाची एकेक गाठ. दिवस बदलला का मधात चिंधी बांधली.”

बापूजींनी ती सुते दोन्ही हातांवर घेतली. पोथी घेतात तशी. आम्ही तेथेच पायरीवर बसलो. ती गाठींवरून बोट फिरवीत सांगत गेली, आणि मी लिहीत गेलो. साध्या पाण्याच्या सुताला एकही गाठ नव्हती. पहिल्या दिवशी एक आणि दोन गुंजांना काही नाही. चाराला दोन, आठाला पाच. दुसऱ्या दिवशी सोळाला नऊ. बत्तीस आणि चौसष्टाला दहापैकी दहा. चार दिवसांच्या मिळून त्र्याऐंशी गाठी. मात्रा चढे तशी गाठ चढे. नागपूरच्या गृहस्थांनी जे मागितले होते, ते सारे त्या बाईच्या हातून, कोणी न सांगता, निर्दोष घडले होते. आमच्या वहीत तेवढे पुष्टी, मिशा आणि प्रजा.

“गुरुजी,” बापूजी म्हणाले, “आपली पाने रद्द करा. खाली नवी नोंद लिहा, आणि निरीक्षक म्हणून गोकुळाबाईंचे नाव घाला.”

“म्हंजे,” इतका वेळ गप्प असलेले लटारू पाटील हळूच म्हणाले, “ते मिशीचं बी खोटं?”

“तो मासाच वेगळा होता जी पाटील,” गोकुळाबाई म्हणाली. “जन्मताच मिशा राह्यतेत त्याले.”

पाटलांनी सावकाश पागोटे सोडले. मस्तकावर सालीचा हिरवट थर वाळून भेगाळला होता. “दोन दिस झाले लावून. केस तं नाई आले. पण डोक्शावर मुंगळा चावला तरी समजून नाई राह्यला मले.”

बापूजींची मुद्रा तत्क्षणी उजळली. त्यांनी पाटलांच्या मस्तकावर दर्भाच्या काडीने टोचून पाहिले. “लागते?”

“नाई.”

“येथे?”

“नाई.”

“आणि येथे?”

“तो कान होय बापूजी! लागते ना!”

“लिहा,” बापूजी मला म्हणाले. “बाह्य लेपाने त्वचेस बधिरता. नागपूरला हेही कळवू.”

“अन् मले कवा कळन?” पाटलांनी विचारले, पण हसण्याच्या कल्लोळात ते विरून गेले. त्यांची संवेदना तिसऱ्या दिवशी परतली; मुंगळ्याने चावून खात्री करून दिली.

वाटीतल्या काढ्याचे काय करावे, यावर पुष्कळ चर्चा झाली. विहिरीजवळ नको, तलावाकडे तर नकोच, गोठ्यामागे नको. शेवटी बापूजींनी माळावर हातभर खड्डा खणवून तो पुरला आणि वर मोठा धोंडा ठेवला. नागपूरचे उत्तर संक्रांतीनंतर आले. नोंदी इतक्या नेटक्या आहेत की वाचून आनंद झाला, हे औषध मनुष्याने पोटात घेऊ नये, आणि निरीक्षकाचे शिक्षण कोठे झाले, असे त्यात होते. शेवटच्या प्रश्नाला बापूजींनी ‘तलावावर’ असे उत्तर दिले.

पण ते पुढचे. त्या गुरुवारी दुपारी सगळे पांगू लागले, तरी गोकुळाबाई पायरीवरून हलेना.

“आता काय राहिले बाई?” बापूजींनी विचारले.

“राखण माह्यावरच हाय जी अजून. मोजून घ्या, अन् पोचली म्हणा. तवाच मी मोकळी.”

बापूजींनी उपरणे खांद्यावर घेतले. आम्ही वस्तीकडे निघालो. आमच्या मागे रुखमाबाई, नव्याने भरलेले सूप घेऊन. साध्या पाण्यातली पाच गाडगी मांडवाखाली मांडली होती. बापूजींनी प्रत्येक मासा बोटाने दाखवीत मोजला. त्यांत आजही एक मिशांचा निघाला; त्याच्यापाशी क्षणभर थांबले. “पन्नास, आणि वर एक. राखण पोहोचली.”

गोकुळाबाईने श्वास सोडला. ती खाली बसली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच तिने पाय पसरले. रुखमाबाईंनी तिची ओटी भरली. मग गोकुळाबाईने एका लहान गाडग्यात पाणी घेतले, त्यात तो मिशांचा मासा सोडला आणि बापूजींपुढे धरला.

“हा एकावन्नावा. घरचा. हा तुमचा जी. नाई म्हणू नोका. आमच्यात तसं चालत नाई.”

एकाहत्तर वर्षांचे निरामिष वैद्य त्या गाडग्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ते दोन्ही हातांत घेतले आणि तलावाच्या पाळीवर चढले. मासा सोडण्यापूर्वी पाण्याशी बसून त्यांनी नेत्र मिटले, आणि धन्वंतरीपासून आरंभ केला.

रुखमाबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. “गुरुजी,” त्या हळूच म्हणाल्या, “आता मधे कोणी बोलू नका बरं. मला घरी जाऊन स्वयंपाक करायचा आहे.”